मॅनिंगच्या सूत्रात दडलेला मीटर

पाटबंधाऱ्याच्या कामात विसर्ग आजही क्युसेकमध्येच बोलला जातो आणि ड्रॉइंगवरची मापं मात्र मीटरमध्ये असतात. कालव्यात पाणी किती खोलीनं वाहील हे मॅथकॅड या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला बसलं, की दोन्ही पद्धती एकाच पानावर येतात. काँक्रीटचा आयताकृती कालवा घेऊ: रुंदी 2 मीटर, उतार हजारास एक, खडबडपणाचा गुणांक 0.015, विसर्ग 100 क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. हे रूपांतर आपण करायचं नाही. आकड्याशेजारी एकक लिहायचं, बाकी सॉफ्टवेअर पाहतं.

खोली क्षेत्रफळातही असते आणि ओल्या परिमितीतही, त्यामुळे विसर्ग आणि खोली जोडणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रातून ती सरळ सुटी करता येत नाही. समीकरण सोडवणाऱ्या सॉल्व्ह ब्लॉकला सुरुवातीचा अंदाज द्यावा लागतो, तोही 1 मीटर असा. नुसता 1 चालत नाही. मग मॅनिंगचं सूत्र लिहायचं. ते लाल होतं. एककं जुळत नाहीत.

हे लाल होणं मला फार मोलाचं वाटतं. डावीकडे घनमीटर प्रतिसेकंद आहे. उजवीकडे क्षेत्रफळ आणि जलीय त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात, म्हणजे मीटरचा आठ-तृतीयांश घात. सेकंदाचा पत्ताच नाही. तक्त्यांत गुणांक बहुधा नुसता आकडा म्हणून छापतात, तिथेच ही गोम आहे. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये आपला निबंध मांडला, आणि मितींची ही विसंगती त्यांना स्वतःलाही खटकत होती.

गुणांकाला ‘सेकंद भागिले मीटरचं घनमूळ’ हे एकक दिलं की समीकरण लगेच सुटतं: खोली सुमारे 1.05 मीटर.

याच एककामुळे आणखी एक कोडं उलगडतं. फुटांच्या पुस्तकांत हेच सूत्र 1.486 नं गुणलेलं असतं, आणि विद्यार्थी तो आकडा पाठ करतात. एका मीटरमध्ये 3.2808 फूट असतात; त्याचं घनमूळ म्हणजेच 1.486. फुटांची मापं घेऊन तो विसरला, तर विसर्ग जवळजवळ एक-तृतीयांशानं कमी येतो आणि कागदावर कुठेच खूण उमटत नाही. एककांसह लिहिलेल्या सूत्रात या आकड्याची गरजच उरत नाही. उत्तर फुटांत हवं असेल तर उत्तराशेजारचं एकक तेवढं बदलायचं: 3.44 फूट.