प्राथमिक वयातील भूगोल : मढच्या किनाऱ्यावरचे धडे

मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना आपल्या घरांत गणिताची चौकशी प्रथम होते, त्यानंतर इंग्रजीची. भूगोलाविषयी फारसे कोणी विचारत नाही. राजधान्या, नद्या आणि पिके पाठ झाली की तो विषय झाला, अशी आपली समजूत आहे. परंतु अठ्ठावीस राज्यांच्या राजधान्या अचूक सांगणाऱ्या चौथीतील मुलाला आपल्याच दुकानाच्या दारात उभे करून, ‘उत्तर दिशा कोणती?’ असे विचारले, तर ते पुष्कळदा गोंधळते. नावे त्याच्या जिभेवर असतात, पण त्यांना मनात जागा मिळालेली नसते.

व्यापारी कुटुंबांना ही उणीव परवडणारी नाही. माल कोठे पिकतो, कोणत्या वाटेने येतो, पावसाळ्यात कोणता घाट अडतो, वखार कोठे असावी, या सर्व प्रश्नांची उत्तरे भूगोलात आहेत. मागील पिढीतील मुले वडीलधाऱ्यांबरोबर बाजारपेठा पाहत, रेल्वेच्या खिडकीतून स्थानकांची नावे वाचत आणि नकळत हे ज्ञान मिळवीत. आजचे मूल सोसायटीच्या फाटकाशी शाळेच्या गाडीत बसते आणि शाळेच्या फाटकाशी उतरते. मधला प्रदेश त्याच्या मनात कोराच राहतो.

सहा ते अकरा वर्षांची वाटचाल

प्राथमिक वयात भूगोलाची समज टप्प्याटप्प्याने वाढते. पहिली-दुसरीचे मूल जागा ओळखते ती खुणांवरून : कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, पिंपळाचा पार, देरासराची ध्वजा. डावे-उजवे, पुढे-मागे, जवळ-दूर हेच त्या वयाचे भूगोलाचे शब्द. नंतर या सुट्या खुणा एका वाटेत ओवल्या जातात. ‘आधी पार लागतो, मग वळण, मग देरासर’ असा क्रम मूल सांगू लागते. सर्वांत शेवटी अनेक वाटा एकमेकींशी जोडल्या जाऊन, जणू वरून पाहिल्यासारखे, परिसराचे एकत्रित चित्र मनात तयार होते. छापील नकाशा मुलाला खऱ्या अर्थाने वाचता येतो तो या तिसऱ्या टप्प्यावर.

आपल्या राज्यातील अभ्यासक्रमाची मांडणीही अशीच जवळून दूर जाणारी आहे. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र पुस्तक काढले. मुंबईच्या मुलांसाठी मुंबईचे, सांगलीच्या मुलांसाठी सांगलीचे. चौथी-पाचवीत दृष्टी राज्याकडे, देशाकडे आणि पृथ्वीगोलाकडे वळते. सहावीपासून भूगोल हा स्वतंत्र विषय होतो आणि अक्षवृत्ते-रेखावृत्तांचा व्यवहार सुरू होतो. तोवर पाया पक्का झाला नसेल, तर पुढील सर्व अभ्यास पाठांतरावरच चालतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी बार्बेल इन्हेल्डर यांच्यासह मुलांच्या अवकाशकल्पनेचा अभ्यास केला. तीन डोंगरांची प्रतिकृती मुलासमोर ठेवून, ‘पलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसत असेल?’ असे ते विचारीत. लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारे दृश्यच बाहुलीलाही दिसते असे सांगत. त्यावरून या वयात दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची शक्तीच नसते, असे मानले गेले. पुढे १९७५ साली अमेरिकेत हेलेन बोर्क यांनी डोंगरांऐवजी मुलांच्या ओळखीच्या वस्तू मांडल्या आणि उत्तर देण्याची रीतही सोपी केली. तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांनीही पुष्कळ अचूक उत्तरे दिली.

पालकांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. नकाशा न समजण्याचे कारण नेहमीच मुलाचे लहान वय नसते. समोरची जागा अनोळखी असणे हेही त्याचे कारण असते. म्हणून भूगोलाची सुरुवात पायाखालच्या, ओळखीच्या भूमीपासून झाली पाहिजे.

मढ : एका दिवसात वाचता येणारे पुस्तक

मालाड, अंधेरी किंवा बोरिवलीत राहणाऱ्या कुटुंबांना अशी भूमी शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस मालाडची खाडी यांच्यामध्ये मढ वसले आहे. पुस्तकातील कितीतरी व्याख्या येथे प्रत्यक्ष दिसतात : खाडी, पुळण, खडकाळ किनारा, कांदळवन, धक्का, गावठाण.

आरंभ नावापासूनच करावा. लोक ‘मढ आयलंड’ म्हणतात. परंतु मालाड स्थानकावरून मार्वेमार्गे बस थेट मढपर्यंत येते, वाटेत बोटीत बसावे लागत नाही. मग हे बेट म्हणावे की द्वीपकल्प? तिसरी-चौथीच्या मुलाला उत्तर सांगू नये. नकाशावर बोट फिरवून पाणी किती बाजूंना आहे ते त्यालाच पाहू द्यावे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा ती पडताळून पाहण्यात खरे शिक्षण आहे.

दुसरा धडा अंतराचा. वेसाव्याच्या धक्क्यावरून समोर मढ दिसते. तरीच्या बोटीने काही मिनिटांत खाडी ओलांडता येते. तेच अंतर रस्त्याने मालाड-मार्वेमार्गे कापायचे म्हटले, तर वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. सरळ रेषेतील अंतर, वाटेचे अंतर आणि लागणारा वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला येथे कोणत्याही पुस्तकाहून चांगले कळते. जाताना रस्त्याने जावे आणि येताना तरीने यावे. दोन्ही वेळा घड्याळ मुलाच्या हाती द्यावे. या खाडीवर पूल बांधण्याची मुंबई महापालिकेची योजना आहे. पूल झाल्यावर कोणाचा वेळ वाचेल, तरीवाल्यांचे काय होईल, कांदळवनावर काय परिणाम होईल, हे प्रश्न पाचवीच्या मुलाशी अवश्य बोलावेत. भूगोल म्हणजे केवळ ‘कोठे’ नव्हे. ‘तेथेच का’ आणि ‘त्यामुळे काय’ हेही भूगोलच विचारतो.

तिसरा धडा सीमांचा. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. त्याचे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. मढ बोरिवली तालुक्यात, तर समोरचे वेसावे अंधेरी तालुक्यात. पण दोहोंचा पिनकोड एकच, ४०००६१. महसुलाची रेषा खाडीतून गेली, टपालाने मात्र दोन्ही तीर एकत्र ठेवले. सीमा माणसे आपापल्या कामासाठी आखतात, हा मोठा विचार एवढ्या लहान उदाहरणातून मुलापर्यंत पोहोचतो.

सायंकाळी किनाऱ्यावर मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. उजव्या हातास उत्तर. त्या बाजूस एरंगळ, आक्सा आणि त्यापलीकडे मनोरी, गोराई. डाव्या हातास दक्षिण. त्या बाजूस वेसावे आणि जुहू. चार दिशा अशा रीतीने शरीराने शिकलेले मूल पुढे नकाशा कसाही धरला तरी चुकत नाही.

पंचांगातील भूगोल

आपल्या घरांत तिथी पाळली जाते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. समुद्रही तिथीप्रमाणे चालतो, हे मात्र त्याला क्वचितच कोणी सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती असते. कोकणपट्टीत एक जुना हिशेब प्रचलित आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. पाऊणकीचे गणित आणि चंद्राची गती यांची एवढी सुंदर भेट चौथीच्या वर्गात क्वचितच होते.

नवकारशी आणि चौविहाराच्या वेळांचा तक्ता पुष्कळ घरांत भिंतीवर असतो. तोही भूगोलाचे साधन आहे. मुंबईत जूनअखेर सूर्यास्त सायंकाळी ७.२० च्या सुमारास होतो, तर नोव्हेंबरअखेर ६ च्या सुमारास. चौविहाराची वेळ सरकते का, हे मुलाने विचारले की पृथ्वीच्या कललेल्या अक्षाची गोष्ट सांगण्याची वेळ आली, असे समजावे. कोलकात्याला राहणाऱ्या मावशीकडे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी का मावळतो? दोन्ही शहरांत जवळजवळ साडेपंधरा रेखांशांचे अंतर आहे आणि पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात. गुणाकार मुलानेच करावा.

मे महिन्याच्या मध्यास मुंबईत सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत उभ्या ठेवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीसही तसेच घडते, पण तेव्हा बहुधा ढग आड येतात. दिल्लीत राहणाऱ्या मुलाला हे दृश्य कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे.

पेढीवरची शाळा

घरच्या व्यवसायात भूगोल ठासून भरलेला आहे. किराणा दुकानातील कप्पे पाहा : कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, उंझ्याचे जिरे, कच्छचे मीठ, केरळचा वेलदोडा आणि अफगाणिस्तानातून येणारा कच्चा हिंग. कापडाचा व्यवसाय असेल तर इचलकरंजी, भिवंडी, सुरत. मुलाने भिंतीवरील नकाशात प्रत्येक ठिकाणी टाचणी लावावी आणि दुकानापर्यंत दोरा ओढावा. मग एक प्रश्न विचारावा : हा माल तेथेच का होतो? मीठ कच्छमध्ये आणि वेलदोडा केरळात, असे का? पाऊस, माती, उष्णता आणि उंची ही उत्तरे त्याला स्वतःच सापडू लागतील.

बिल्टीवरील ‘कोठून-कोठे’ वाचावयास द्यावे. बिलावरील जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात : महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, राजस्थानचे ०८, कर्नाटकाचे २९. पिनकोडचा पहिला अंक टपालाचा विभाग दाखवितो. ही पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी संस्कृतचे नामवंत कवी होते, हेही मुलांना जरूर सांगावे.

पालकांसाठी काही सूचना

पहिली-दुसरीच्या मुलाला बरोबर घेऊन चालत जावे आणि परतताना वाट त्याला दाखवू द्यावी. तिसरीत घर ते देरासर या वाटेचा नकाशा त्याने आठवणीने काढावा. तो वेडावाकडा असला तरी खोडू नये. तीन महिन्यांनी तोच नकाशा पुन्हा काढून घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत, म्हणजे प्रगती त्यालाच दिसेल. चौथीत पावले मोजून प्रमाण ठरवावे, खुणांची सूची करावी आणि उत्तरेचा बाण काढावा. पाचवीत त्याच नकाशाशी छापील नकाशा ताडून पाहावा. आजोबांचे मूळ गाव कोठे, तेथून ते मुंबईला कोणत्या मार्गाने आले आणि का आले, हेही याच वर्षी विचारावे. साधुसाध्वींच्या विहारात काही अंतर चालण्याची संधी मिळाली, तर मुलाला अवश्य न्यावे. पायी चाललेले पाच किलोमीटर त्याला आयुष्यभर कळतात.

मढला जाताना ओहोटीची वेळ अधिकृत तक्त्यावरून पाहून घ्यावी; पाऊणकीचा हिशेब अंदाजापुरताच आहे. आक्साचा समुद्र धोकादायक म्हणून ओळखला जातो, तेथे मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. मढचा किल्ला वायुदलाच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहावा. गावात कोळी बांधवांची वस्ती आहे. त्यांचा व्यवसाय आपल्या आचाराहून भिन्न आहे आणि मुले त्याविषयी प्रश्नही विचारतील. त्यांना आपला आचार शांतपणे समजावून सांगावा. तथापि वारा, प्रवाह, ढग आणि भरती यांचे त्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या जमलेले ज्ञान आदराने ऐकण्यासारखे आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. आपला चातुर्मास आणि त्यांचा विराम यांमागे एकच पाऊस आहे, हे मुलाच्या लक्षात आले तर ऋतू म्हणजे काय ते त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.

या सर्वांसाठी मोठा खर्च लागत नाही. महिन्यातून एक रविवार, एक वही आणि वडीलधाऱ्यांची सोबत पुरेशी आहे. अकरा-बारा वर्षांपर्यंत जी जागेची जाण रुजते तिच्यावर पुढचे सारे नकाशे उभे राहतात. परीक्षेतील गुण त्यामागून येतील. त्याहून महत्त्वाचे हे की, उद्या पेढीची जबाबदारी घेणाऱ्या मुलाला आपण कोठे उभे आहोत आणि आपल्या ताटातले अन्न कोणाच्या भूमीतून, कोणाच्या श्रमातून आले, याची ओळख झालेली असेल.