अप्पा, गाडी चालू करू नका!



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी एखादी गाडी कापडाखाली उभी असेल. मुलगा पुण्याला, हैदराबादला नाहीतर बेंगळुरूला, आणि गाडी आई-वडिलांच्या ताब्यात. आमच्याकडेही तेच आहे. बिदरजवळ कोळारला आमच्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी लाल गाडी उभी असते. छोटीशी, टर्बो पेट्रोल इंजिनाची, जमिनीला चिकटून पळणारी. पोर्शेवाले हसतील, पण आमच्या गल्लीत ती स्पोर्ट्स कारच आहे. २०१८ साली घेतली, लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला गावी आलो तेव्हा सोबत आणली. ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावर मी पुण्याला परतलो, गाडी मात्र तिथेच राहिली. पुण्यात पार्किंग नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे अप्पांनी ती नेऊ दिली नाही.

अप्पा आता सत्तरीला आले. हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलंय. पण दर रविवारी सकाळी अंघोळ करून ते शेडमध्ये जायचे, कापड काढायचे, गाडी पुसायचे, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे. मग मला फोन. "तुझी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली बघ. तू निवांत राहा." हा फोन मी तीन वर्षं ऐकला. खरं सांगायचं तर तो गाडीबद्दलचा फोन नव्हताच.

गेल्या दिवाळीत घरी गेलो. इंजिन ऑइल बदलून बराच काळ झाला होता, पण माझा हिशोब सरळ होता. सर्व्हिसच्या पुस्तकात १५,००० किलोमीटर लिहिलंय, गाडी वर्षभरात जेमतेम साडेसहाशे किलोमीटर फिरली. म्हणजे हे तेल वीस वर्षं पुरायला हवं! तरी एकदा दाखवावी म्हणून बिदरच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा लगदा, अगदी लोण्यासारखा. डिपस्टिक काढून नाकाला लावली, तर पेट्रोलचा वास. त्यांनी विचारलं, "घरी कोणी नुसती चालू करून ठेवतं का?" मी अप्पांच्या रविवारचं सांगितलं. ते हसले आणि आपल्या बिदरच्या दखनीत म्हणाले, "साब, गाडी खडी रही सो नुकसान नै, पाँच मिनट चली सो नुकसान है."

बीई झालेल्या मला हे कळायला हवं होतं. संध्याकाळी बसून नीट समजून घेतलं, ते इथे सांगतो.

तेल जुनं होत नाही, घाण होतं

आधी एक गैरसमज. तेल नुसतं पडून राहिलं म्हणून लगेच खराब होत नाही. सीलबंद डबा कोरड्या जागी काही वर्षं चांगला राहतो. मग इंजिनात ओतल्यावर वर्षभरात बदला असं का सांगतात? कारण इंजिनातलं तेल एकटं नसतं.

पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. हिशोब केला तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. सोबत पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि आम्ल तयार करणारे वायूही येतात. हे प्रत्येक इंजिनात होतं, नव्या कोऱ्या इंजिनातही.

गाडी रोज तास-अर्धा तास पळत असेल तर काळजी नाही. तेल ९०-१०० अंशांपर्यंत तापतं, पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि इंजिन ती वाफ ओढून पुन्हा जाळून टाकतं. पण पाच मिनिटांत तेल कोमटही होत नाही. थंड लोखंडावर वाफेचं पाणी होतं, ते तेलात मिसळतं आणि झाकणाखाली ते लोणी जमतं. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोलही जास्त दिलं जातं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हा त्रास जास्त.

आता अप्पांच्या रविवारचा हिशोब करा. ५२ रविवार, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे वर्षाला २६० मिनिटं. सव्वाचार तासांहून जास्त इंजिन चाललं आणि तेही प्रत्येक वेळी थंड असताना. किलोमीटरच्या काट्यावर मात्र शून्य. मी ज्या काट्यावर विसंबून होतो, त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

तेलात कंपनीने काही रसायनं मिसळलेली असतात. काही काजळी धरून ठेवतात, काही आम्ल मारतात, काही धातूवर संरक्षक थर देतात. ही रसायनं हळूहळू खर्ची पडतात. आम्ल मारणारी संपली की तेच आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूला खायला लागतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही तेलाच्या एका पातळ थरावर. त्या थरात पाणी आणि पेट्रोल असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

'किंवा' हा शब्द वाचा

मी दिवसभर कोडमध्ये 'किंवा'च्या अटी लिहितो. दोन्हींपैकी एक खरी ठरली की काम सुरू. तरी सर्व्हिसच्या पुस्तकातला 'किंवा' मला दिसला नाही. तिथे लिहिलं होतं, १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी होईल ते. मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असतं. आणि फेरारी? त्यांच्या सात वर्षांच्या देखभाल योजनेत सर्व्हिस २०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, गाडी कितीही कमी चाललेली असो.

फेरारी म्हटलं की आपल्याला सचिनच आठवतो. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर २००२ साली मायकल शूमाकरच्या हस्ते त्याला लाल ३६० मोडेना मिळाली आणि २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर असणारा माणूस मुंबईच्या रस्त्यांवर ती किती चालवणार? अशा गाड्यांचं आयुष्य शेडमध्येच जास्त जातं, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणूनच किलोमीटरच्या जोडीला तारीख दिलेली असते.

मग नेमकं कधी बदलायचं?

माझा निष्कर्ष असा:

१. गाडी कमी चालत असेल, पण जेव्हा चालते तेव्हा अर्धा-पाऊण तास नीट पळत असेल, तर वर्षातून एकदा ऑइल आणि सोबत ऑइल फिल्टर. दर तीन महिन्यांनी बदलायची काही गरज नाही. तो पैसाही वाया आणि तेलही.

२. गाडी नुसती चालू-बंद केली जात असेल किंवा दोन-चार किलोमीटरच्याच चकरा होत असतील, तर सहा महिन्यांनी. पण त्यापेक्षा ती सवय बदललेली बरी.

३. डिपस्टिकला पेट्रोलचा वास, तेलाची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढलेली किंवा झाकणाखाली लोणी, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. पाणी थंड ठेवायच्या व्यवस्थेतूनही गळत असू शकतं, म्हणून कूलंटची पातळीही तपासून घ्या.

४. नुसता काळा रंग बघून घाबरू नका. काजळी पोटात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे.

५. गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर उभी करण्याआधी तेल बदला, नंतर नव्हे. नाहीतर तेच आम्ल आणि पाणी बेअरिंगांना लागून महिनोन्‌महिने तसंच राहतं.

६. आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड तेल टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. उभ्या गाडीला चालू होताक्षणी तेल वरपर्यंत पोचायला हवं आणि जाड तेल तिथे उशिरा पोचतं.

माझ्या गाडीला सिंथेटिक तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून साडेचार हजार रुपये लागले. टर्बो बदलायची वेळ आली असती तर हा आकडा कितीतरी पट झाला असता.

काढलेलं जळकं ऑइल घरी आणू नका. आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून ते दारांना, लाकडांना फासायची सवय आहे. त्यात धातूचे कण आणि विषारी द्रव्यं असतात, आणि २०१६ च्या नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. विहिरीजवळच्या मातीत तर एक थेंबही सांडू देऊ नका. ते गोळा करून पुढे रीतसर देणाऱ्या गॅरेजमध्येच सोडून या.

अप्पांना कसं सांगायचं?

हा सगळ्यात अवघड भाग. तीन वर्षं ज्या कामासाठी माणूस रविवारी लवकर उठतो, त्यानेच नुकसान झालं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? दोन दिवस मी विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी ते शेडकडे निघाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, गाडी चालू करू नका!"

ते थांबले. मग मी त्यांना झाकणाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचो ना, तेव्हा आधी जुनं पुसून काढायचो. मातीवर वंगण घातलं तर आख लवकर झिजतो. हे तसंच झालं की रे." मी तासभर वाचून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

मग प्रश्न उरला रविवारचा. त्याचं उत्तरही त्यांनीच काढलं. बिदरहून उदगीरच्या रस्त्याला खानापूरचा मैलार मल्लण्णा आहे, आपला खंडोबा. आमच्या घरापासून जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि रविवार तर देवाचाच वार. आता एक रविवार सोडून एक असं माझा चुलत भाऊ गाडी काढतो, अप्पा शेजारी बसतात आणि दोघं देवाला जाऊन येतात. निघताना इंजिन चालू करून अर्धा मिनिट थांबायचं आणि पहिले आठ-दहा किलोमीटर हळू न्यायची. मीटरवरचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापलं, तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे अप्पाच भावाला बजावतात. मधल्या रविवारी गाडी फक्त पुसायची, टायरची हवा बघायची आणि बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते पाहायचं. चावीला हात लावायचा नाही.

मे महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा झाकण उघडून पाहिलं. स्वच्छ. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही. सात महिन्यांत साडेपाचशेच्या वर किलोमीटर झाले होते, आणि सगळे कामाचे. तरी पावसाळ्यात फेऱ्या चुकणार म्हणून मृगाआधी ऑइल बदलून घेतलं. यापुढे दर वर्षी हीच तारीख. पेरणीआधी अवजारांना तेलपाणी करायचं, तसं हेही करायचं, असं अप्पांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावच्या घरी अशी गाडी उभी असेल तर दोन गोष्टी करा. तेल शेवटचं कधी बदललं ती तारीख बघा. आणि घरी कोण ती अधूनमधून नुसती चालू करून ठेवतं, ते प्रेमाने विचारा. रागावू मात्र नका. ती पाच मिनिटं कोणासाठी असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

रविवारचा फोन अजूनही येतो. फक्त वाक्य बदललंय. "देवाला जाऊन आलो. गाडी काय पळते रे!"