घराची भिंत आणि विद्यापीठाचा हिशेब

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हा कक्ष स्थापन झाला आणि ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन हे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्याचे प्रवर्तक अमूल्य रेड्डी हे मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ होते; जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ त्या शाखेत प्रमाणभूत मानला जात असताना त्यांनी बायोगॅस, चूल आणि गावाची ऊर्जा यांकडे वळावे, हे विद्यापीठीय कारकिर्दीच्या रूढ हिशेबात बसणारे नव्हते. याच परंपरेत स्थापत्य अभियंते के. एस. जगदीश आणि पुढे बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी स्वस्त घराच्या भिंतीचा प्रश्न हाती घेतला.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता स्थिरीकृत मातीची वीट, म्हणजे वाळूचे प्रमाण योग्य असलेल्या मातीत साधारण सहा ते आठ टक्के सिमेंट मिसळून, मिश्रण ओलसर असतानाच यंत्रात दाबून काढलेली आणि भट्टीत न भाजता तीन-चार आठवडे पाणी मारून पक्की केलेली वीट. मातीत चिकण अंश किती चालेल, दाबल्यावर घनता किती येते, भिजलेली वीट किती भार पेलते, हे सारे प्रयोगशाळेत मोजता येण्याजोगे प्रश्न होते आणि त्यांवर शोधनिबंधही लिहिता येत होते. या दोघांनी २००३ साली बांधकाम-साहित्याच्या निहित ऊर्जेचा, म्हणजे ते साहित्य तयार करण्यात खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचा, हिशेब मांडला. त्यात सहा टक्के सिमेंटच्या या विटेला भाजक्या विटेच्या सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा पुरते, असे दिसले. गरिबाच्या घराचा प्रश्न त्यांनी मूलभूत विज्ञानाच्या भाषेत मांडला, म्हणूनच तो विद्यापीठात टिकला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मात्र दक्षिण कर्नाटकातील तांबड्या मातीचे निष्कर्ष महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे आणि सुकताना आकसणारे खनिज भरपूर असते, त्यामुळे तेथे केवळ सिमेंटने भागत नाही. चुना वापरावा लागतो किंवा मुरूम, वाळू बाहेरून आणावी लागते, आणि वाहतुकीचा खर्च वाढला की स्वस्ताईच संपते. त्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण मिसळलेली आहे. तेथे चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड धाब्यांखाली हजारो माणसे दगावली. दोष भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नसण्याचा आणि छताच्या भाराचा होता, पण बदनाम झाली ती माती. मातीचे घर नको, स्लॅबच हवा, या भावनेला प्रयोगशाळेतील आकड्यांनी उत्तर मिळत नाही, आणि ते मिळावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घराला १,२०,००० रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र अशी मर्यादा ठरली, आणि बांधकामाची जबाबदारी लाभार्थ्यावरच राहिली; म्हणजे घराचा खरा रचनाकार गावचा गवंडी. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर संशोधकाला वर्षानुवर्षे एकाच तालुक्यात राहावे लागते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाने १९९३ साली सुरू केलेल्या ‘रूरल स्टुडिओ’ने हेच केले आणि २००५ पासून वीस हजार डॉलरच्या घराचे आराखडे विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष बांधून तपासले. मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे, तेव्हा पाया येथेही घातलेला आहे. अडचण मुदतीची आहे: पीएच.डी. चार-पाच वर्षांत आटोपते, भिंतीची परीक्षा मात्र दहा पावसाळे घेतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीत त्या दहा पावसाळ्यांनंतरची पाहणीही शोधनिबंधाइतकीच मोजावी.