नागपूरचं ऊन, मुंबईचा घाम

मे महिन्यात नागपूरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे किती?" आम्ही चौतीस म्हटलं की पलीकडे हसू फुटतं. तिकडे पंचेचाळीस असतात. नागपूरकराला आपल्या उन्हाचा थोडा अभिमान असतोच. आम्हालाही आहे, कारण आमचं बालपण आणि नर्सिंगचा डिप्लोमा त्याच उन्हात झाला. पुढे नोकरी मुंबईत लागली आणि आता नोकरी सोडून आम्ही वस्त्यांमधून आरोग्याचं काम करतो. कोणतं हवामान बरं, असं कुणी विचारलं तर आम्ही अजून नागपूरच म्हणतो. मुलांना ते पटत नाही. ती आजोळी गेली की दुपारभर दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत.

नागपुरात मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी ४२ अंशांच्या वर असतो, नवतपात ४५ ओलांडला तरी कुणी नवल करत नाही. मुंबईत तो ३३-३४ च्या आसपास. रात्री मात्र दोन्हीकडे साधारण २७-२८. मग मुंबईत जीव एवढा का कासावीस होतो? कारण हवेतलं पाणी. शरीर थंड होतं ते घाम आल्यानं नाही, घाम वाळल्यानं. नागपुरात दोरीवर टाकलेलं लुगडं तासाभरात खडखडीत वाळतं. मुंबईत जूनच्या तोंडावर तेच लुगडं संध्याकाळीही दमट लागतं. अंगावरच्या घामाचंही तसंच होतं. तो नुसता गळत राहतो, आतली उष्णता आतच राहते.

म्हणून हवामान खातंही दोन्हीकडे एकच माप लावत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून होतो, किनारपट्टीला ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात ऊन लागून १४ माणसं गेली, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. नागपुरात एवढ्या उन्हाला लोक "आज बरं आहे" म्हणतात.

आम्हीही एकदा फसलो. आमची मावशी मे महिन्यात नागपूरहून एका लग्नासाठी आली होती. "हे काय ऊन आहे का?" म्हणत ती सकाळपासून पत्र्याच्या खोलीत शेगडीपुढे बसली. दार बंद, वर पत्रा तापलेला, खाली दोन शेगड्या. दुपारी ती काहीतरी असंबद्ध बोलू लागली, आम्हाला आमच्या आईच्या नावानं हाक मारली. अंग घामानं चिंब होतं. ऊन लागलं की कातडी कोरडी ठणठणीत पडते, हे आमच्या डोक्यात नागपूरपासून पक्कं बसलेलं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, थकली असेल, असं म्हणून आम्ही तिला आडवं केलं आणि पाण्याचा पेला भरायला गेलो. पाच-सात मिनिटं वाया घालवली. थर्मामीटर लावला तेव्हा १०५ फॅरनहाइट. इतकी वर्षं रुग्णांच्या उशाशी काढून आम्ही ही चूक केली.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. कष्टानं, गरम दमट जागेत उष्माघात झाला तर माणूस घामानं भिजलेला असू शकतो. घाम पाहू नका, शुद्ध पाहा. अंग खूप तापलंय आणि माणूस बरळतोय, तोल जातोय, झटके येताहेत किंवा हाकेला ओ देत नाही, तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर कपड्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत धरा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे कामाची नाही. खिशातला कांदाही नाही, त्याची कोशिंबीर करून खा.

शुद्धीवर असलेल्या, नुसत्या गळून गेलेल्या माणसाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा. पन्हं, ताकही चांगलं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी पाणी-मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवावं.

आता कूलरचं. नागपूरहून सून म्हणून आलेल्या मुली हमखास कूलर घेतात आणि दारं-खिडक्या लावून चालवतात. मुंबईच्या हवेत कूलर खोलीत आणखी दमटपणाच भरतो. इथे पंखा आणि समोरासमोरची दोन उघडी दारं-खिडक्या बऱ्या. नागपुरात याच्या उलट, कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण तिथेही एक खिडकी उघडी हवीच. चव्वेचाळीस अंशांत नुसता पंखा गरम वारा फेकतो, तेव्हा अंगावर ओला दुपट्टा घ्या. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, शॉक लागून माणसं जातात. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

पत्रा मात्र दोन्ही शहरांत सारखाच तापतो. त्यावर पांढरा चुना मारला किंवा गोणपाट अंथरून भिजवलं तर आत फरक जाणवतो. मुंबईत गोणपाट भिजवायला पाणी कुठून आणायचं, असं वस्तीतल्या बाया आम्हाला विचारतात. नळाला तासभर पाणी येतं, त्यांचं खरं आहे. तिथे चुनाच मारा, आणि स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका.

मावशी चार दिवस दवाखान्यात राहून बरी झाली. आता ती मे महिन्यात येत नाही. सहा डिसेंबरला येते, कुडकुडत गाडीत चढते, दादरला उतरली की स्वेटर काढून पिशवीत कोंबते आणि म्हणते, "तुमच्या इथे हिवाळा कधी लागतो?"