आर्चबिशपही प्रायमेट, माकडही प्रायमेट!

अंधेरीला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्ट यांच्या जुन्या चर्चचे भग्नावशेष आहेत. हे चर्च पोर्तुगीज अमदानीत, १५७९ साली बांधले गेले. त्या काळी अंधेरीसह सारी साष्टी गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. या आर्चबिशपांची एक पदवी आजही चालू आहे: 'पूर्वेचे प्रायमेट'. आता गंमत पाहा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील माकडांनाही प्राणिशास्त्र 'प्रायमेट'च म्हणते! हे कसे?

त्यासाठी या पदव्यांचे अर्थ पाहू. 'बिशप' हा शब्द ग्रीक 'एपिस्कोपोस'वरून आला. अर्थ, देखरेख करणारा. 'टेलिस्कोप'मधला 'स्कोप' याच कुळातला. 'आर्च' म्हणजे प्रमुख, म्हणून आर्चबिशप. 'कार्डिनल'च्या मुळाशी लॅटिन 'कार्डो', म्हणजे बिजागरी आहे. दार बिजागरीवर फिरते, तसा चर्चचा कारभार यांच्यावर! त्यांच्या लाल झग्यावरून अमेरिकेतल्या एका लाल पक्ष्यालाही 'कार्डिनल' नाव पडले. आणि 'प्रायमेट'? लॅटिन 'प्रिमस' म्हणजे पहिला. एखाद्या प्रदेशातील पहिल्या मानाचा बिशप तो प्रायमेट.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या एका गणाला हेच नाव दिले. त्यात त्याने माकडे, लेमूर आणि चक्क माणूस यांना एकत्र बसवले. डार्विनचा ग्रंथ निघाला १८५९ साली. म्हणजे त्याच्या शंभर वर्षे आधी! वटवाघळेही त्याने याच गणात घातली होती; ती पुढे वेगळी काढली गेली. मराठीत या गणाला 'नरवानर गण' म्हणतात.

माणूस ज्या गणात, तो गण पहिला, असा त्या नावाचा अर्थ. पण आजचे जीवशास्त्र प्राण्यांना असे नंबर देत नाही. उत्क्रांती ही शिडी नव्हे, फांद्या फुटत गेलेले झाड आहे. माकड आणि आपण त्याच्या जवळजवळच्या फांद्यांवर आहोत. तेव्हा 'प्रायमेट' हे नाव राहिले, त्यातला पहिला नंबर मात्र गेला.

या नात्याची खूण पाहायची आहे? उद्यानात गेलात की, लांबूनच आणि खाऊ न दाखवता, माकडाचा हात न्याहाळा. पकड घेणारी बोटे आणि त्यांवर चपटी नखे दिसतील. मग कुत्र्याचा पंजा आठवा, आणि शेवटी आपला हात पाहा.