घरगुती साबणाची पक्वता : निकष आणि गैरसमज

बाहेरून उष्णता न देता, म्हणजेच शीतपद्धतीने, तयार केलेली साबणाची वडी वापरण्यायोग्य केव्हा झाली हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. साबणनिर्मितीच्या प्रशिक्षणात तेल व कॉस्टिक सोडा यांच्या मापांवर भर असतो. वडी मुरली किंवा कसे, हा निर्णय मात्र पुष्कळदा केवळ दिवस मोजून घेतला जातो. वडी त्वचेवर वापरली जाणार असल्याने एवढा आधार पुरेसा नाही.

‘मुरणे’ या एका शब्दात दोन भिन्न क्रिया सामावलेल्या आहेत. पहिली साबणीकरणाची. तेलातील ग्लिसराइडे आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून साबण व ग्लिसरीन निर्माण होते, आणि ही क्रिया बहुतांशी पहिल्या एक-दोन दिवसांतच पूर्ण होते. दुसरी क्रिया संथ असते. तीत पाणी उडून जाते व साबणाची स्फटिकरचना दृढ होते. चार ते सहा आठवडे लागतात ते हिला. म्हणूनच मूळ मिश्रणात सोडा जास्त पडला असल्यास वडी मुरवणे हा त्यावरील उपाय ठरत नाही. अभिक्रियेसाठी तेलच शिल्लक नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागावरील अल्काचे कार्बोनेट बनते आणि पांढरा थर दिसतो, परंतु गाभा दाहक राहू शकतो.

सामूदर्शक कागदाची परीक्षा येथे फसवी ठरते. साबण हा दुर्बल आम्ल व तीव्र अल्क यांचा क्षार असल्याने पाण्यात त्याचे जलापघटन होते आणि निर्दोष साबणाच्या द्रावणाचाही सामू ९ ते १० च्या आसपास येतो. फिनॉल्फ्थॅलिन सुमारे ८.२ च्या पुढेच गुलाबी होऊ लागते. अर्थात पाण्यातील गुलाबी रंगावरून मुक्त सोडा सिद्ध होत नाही. सामू ७ येण्याची वाट पाहणे तर व्यर्थच. यासाठी वडीच्या गाभ्यातील कीस उदासीन केलेल्या एथिल अल्कोहोलमध्ये, जलऊष्मकावर, विरघळवावा. अल्कोहोलात जलापघटन जवळजवळ होत नाही, कार्बोनेटही विरघळत नाही. अशा द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब गुलाबी झाले तर मुक्त अल्क आहे असे समजावे. प्रमाणित आम्लाने अनुमापन केल्यास त्याचे प्रमाणही कळते. (वडी जिभेला लावून पाहण्याची रीत प्रचलित असली तरी ती विद्यार्थ्यांस शिकविण्याजोगी नव्हे.)

ही झाली निर्धोकपणाची परीक्षा. पक्वतेसाठी तराजूच विश्वसनीय. एक किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. सुरक्षिततेसाठी तो पाच टक्के कमी, म्हणजे १७४ ग्रॅम घेतला आणि पाणी त्याच्या दुप्पट, ३४८ ग्रॅम ठेवले, तर मिश्रणाच्या वजनात पाणी जवळजवळ २३ टक्के भरते. त्याचा मोठा अंश उडून जावयाचा असतो. वडीवर क्रमांक व दिनांक घालून दर आठवड्यास तिचे वजन नोंदवावे. लागोपाठच्या दोन-तीन नोंदींत फरक उरला नाही की वडी मुरली असे मानण्यास हरकत नाही.

कोकणातील पावसाळ्यात मात्र हा निकष जपून वापरावा लागतो. साबणातच राहिलेले ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे वडीला पाणी सुटते आणि वजन स्थिर राहते किंवा वाढतेही. अशा दिवसांतील स्थिर वजन पक्वतेचे लक्षण समजू नये. वड्या कोरड्या, हवेशीर जागी जाळीवर ठेवून मग नोंदी पुन्हा घ्याव्यात.