परदेशस्थ मुलांचा व्हिसा आणि घरचीं माणसें

जालन्यासारख्या गांवींहि आतां अशीं घरें पुष्कळ झालीं आहेत, कीं ज्यांतील एखादा मुलगा, सून व नातवंडें अमेरिकेंत नांदत आहेत. हीं मंडळी तीन-चार आठवड्यांसाठीं येतात, आणि त्यांतले कांहीं दिवस मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत व्हिसा नवा करून घेण्यांत खर्च होतात. "एवढ्या लांबून आला तो कागदांसाठीं कीं आमच्यासाठीं?" हा आजीचा प्रश्न अशा घरीं हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे; पण त्याचें उत्तर मुलाच्या मायेंत शोधूं नये, तें त्या देशाच्या कायद्यांत आहे.

व्हिसा संपला म्हणजे तेथें राहण्याचा हक्क संपला, असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. पासपोर्टांत चिकटविलेला व्हिसा ही केवळ दारांत येण्याची मुभा होय. आंत किती दिवस राहावयाचें तें 'आय-९४' नांवाच्या निराळ्या नोंदीवरून ठरतें. म्हणून 'एच-१बी'वर नोकरी करणारा गृहस्थ, राहण्याची मुदत चालू असेल तोंवर, व्हिसा संपल्यावरहि तेथें निर्वेध राहतो. मात्र देशाबाहेर पाऊल टाकलें, कीं परत शिरण्यास नवा व्हिसा हवा. (कॅनडा किंवा मेक्सिकोची तीस दिवसांच्या आंतली फेरी यास अपवाद आहे, जालना त्यांत बसत नाहीं!) वडील आजारी पडले असतां मुलगा तिकीट काढण्यास कचरतो, तो येथें.

पूर्वीं असें नव्हतें. २००४ च्या जुलैपर्यंत अशा नोकरदारांचा व्हिसा तिकडच्या तिकडे टपालानें नवा होई. बोटांच्या ठशांची सक्ती आली आणि ती सोय गेली. २०२४ च्या आरंभीं ती वीस हजार अर्जांपुरती प्रयोगादाखल पुन्हां उघडली, परंतु खुद्द नोकरदारासच. बायकामुलांस वगळलें होतें. नवऱ्याचा व्हिसा घरबसल्या आणि बायकोस सातासमुद्रापार हेलपाटा, ही योजना कुटुंब डोळ्यांपुढें ठेवून आखली होती असें म्हणवत नाहीं. कित्येक जण मेक्सिको-कॅनडाच्या शहरांत जाऊन हें काम उरकीत. सप्टेंबर २०२५ मध्यें, अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशांतच करावा, असा दंडक निघाला. त्याच महिन्यापासून चौदा वर्षांखालील मुलांची व एकोणऐंशीच्या वरील वृद्धांची मुलाखतींतून असलेली सूटहि बहुतेक गेली.

आमच्या परिचयाच्या एका घरीं २०२५ च्या नोव्हेंबरांत आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. पुरोहितांनीं रविवार काढून दिला होता, सर्वांस सोईचा. इकडे मुलाला ठशांसाठीं शुक्रवार व मुलाखतीसाठीं सोमवार मिळाला. घरांत दोन दिवस अबोला होता. अखेर आजोबांनींच पंचांग उघडून पुढचा गुरुवार धरला. गाडीचें सुख मात्र आतां आहे. ३० डिसेंबर २०२३ पासून 'वंदे भारत' जालन्याहून सुटूं लागली, हल्लीं ती नांदेडहून येते. मधले दोन दिवस मंडळी दादरला आत्याबाईंकडे राहिलीं, मुलांनीं राणीचा बाग पाहिला, आणि सोमवारीं सकाळीं सगळीं वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या वकिलातीच्या रांगेंत उभीं राहिलीं. पासपोर्ट वकिलातीनें ठेवून घेतले, ते समारंभानंतर हातीं आले.

त्यांचें निभावलें. १५ डिसेंबर २०२५ पासून 'एच-१बी' व त्यावर अवलंबून असलेल्या 'एच-४' अर्जदारांचें समाजमाध्यमांवरील लिखाण तपासण्याचा नियम लागू झाला. ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढें गेल्या, आणि रजेवर आलेले अनेक जण नोकरी तिकडे व आपण इकडे अशा अवस्थेंत अडकले. कोणास आपल्या देशांत घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु दिलेली तारीख माणूस घरीं येऊन पोहोंचल्यावर बदलणें हें न्यायाचें दिसत नाहीं.

तेव्हां घरच्या वडील मंडळींनीं मुलाखतीची तारीख कळल्यावांचून मुहूर्त धरूं नये, आणि परतीचें तिकीट बदलतां येईल असेंच काढावयास मुलास सांगावें. लग्नाचा दाखला व नातवंडांचे जन्मदाखले इकडे असतील तर मूळ प्रतींसह काढून ठेवावे. सुनेचें नांव एका कागदावर माहेरचें व दुसऱ्यावर सासरचें असेल, तर तें मंडळी येण्यापूर्वींच निस्तरावें. वकिलातीच्या रांगेंत तें निस्तरत नाहीं.